विनोदी चित्रपटातील स्मरणीय उक्ती : एक भाषिक विचार

चित्रपटरसिकांच्या गप्पांना एक ठरीव क्रम असतो. अलीकडे कोणता चित्रपट पाहिला, या देवाणघेवाणीने प्रारंभ होतो. त्यातून जुन्या चित्रपटांची आठवण निघते. आणि थोड्याच वेळात सर्वांत उत्तम विनोदी चित्रपट कोणता, या वादावर मंडळी येऊन ठेपतात. एकाचा कौल ‘चुपके चुपके’ला (१९७५) असतो, दुसरा ‘जाने भी दो यारो’चा (१९८३) पुरस्कार करतो, आणि मराठी रसिकांच्या मेळाव्यात ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे नाव निघाल्यावाचून सहसा राहत नाही. या वादात पुराव्यादाखल जे पुढे केले जाते, ते मात्र विचार करण्याजोगे आहे. गंभीर चित्रपटाचा पक्ष मांडणारा मनुष्य कथानक सांगतो, नटाच्या अभिनयाचे वर्णन करतो. विनोदी चित्रपटाचा पुरस्कर्ता त्यातील एखादे वाक्य उच्चारतो; ऐकणारा त्याच्या पुढचे वाक्य म्हणतो; दोघेही हसतात आणि मुद्दा सिद्ध झाला असे मानले जाते.

हा पुरावा ग्राह्य धरावा काय? संवादांची घोकंपट्टी म्हणजे रसग्रहण नव्हे, असा आक्षेप त्यावर घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु या सवयीने विनोदाच्या उपपत्तीपुढे एक अडचण उभी केली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करणे इष्ट नव्हे. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरून जाण्यातून हास्य उपजते, असे कांटने १७९० मध्ये प्रतिपादिले. अपेक्षाभंग हेच जर हास्याचे कारण असेल, तर दहाव्यांदा पाहिलेल्या प्रसंगाला हसू येण्याचे कारण उरत नाही. अनुभव याच्या उलट आहे. चाहते ठरावीक वाक्याची वाट पाहतात आणि पुष्कळदा ते उच्चारले जाण्यापूर्वीच हसू लागतात. तेव्हा पुनःपुन्हा येणाऱ्या हास्याचे मूळ कथानकातील धक्क्यापेक्षा अन्यत्र शोधले पाहिजे. ते भाषेच्या घडणीत सापडते काय, हे पाहण्यासाठी ‘अशी ही बनवाबनवी’ हे उदाहरण विशेष सोयीचे आहे.

सोयीचे अशासाठी की, या चित्रपटाचे कथानक मराठीत उपजलेले नाही. भाड्याची जागा मिळावी म्हणून चार अविवाहित तरुण दोन जोडपी असल्याचे सोंग करतात, दोघे पती आणि दोघे पत्नी; हे कथासूत्र ‘जय मा काली बोर्डिंग’ (१९५५) या बंगाली चित्रपटातून हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटात आले आणि तेथून मराठीत उतरले. ‘चुपके चुपके’चे दिग्दर्शकही हृषीकेश मुखर्जीच, परंतु रसिकांच्या वादांत ‘चुपके चुपके’ हटकून येतो आणि ‘बीवी और मकान’ क्वचितच. तेच कथानक सचिन पिळगांवकर यांच्या दिग्दर्शनाखाली, वसंत सबनीस यांच्या लेखणीतून मराठीत आले, आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी प्रभृतींच्या मुखातून तीन दशकांहून अधिक काळ टिकून राहिले. नटवर्गाचे कर्तृत्व येथे मोठे आहे, हे उघड आहे. तथापि कथानक तेच असता एका भाषेत जे साधले ते दुसरीत तितके का साधले नाही, या प्रश्नाचे एक उत्तर व्याकरणही देते.

भरताने हास्याच्या विभावांत विकृत परवेष आणि असत्प्रलाप यांची गणना केली आहे. पुरुषाने स्त्रीवेष धारण करणे हा परवेष. पण तो वेष टिकवण्यासाठी बोलावे लागते, आणि येथेच भाषाभाषांत भेद पडतो. बंगालीत व्याकरणिक लिंगभेदामुळे बदलणारी सर्वनामे नाहीत की क्रियारूपे नाहीत. स्त्रीवेषातील पुरुषाने काहीही सांगितले, तरी केवळ क्रियापदावरून तो पकडला जाण्याचा संभव नाही. हिंदीत क्रियापद आणि ‘मेरा-मेरी’ यांवर लिंगाची मुद्रा उमटते, पण ‘यह’ आणि ‘वह’ ही सर्वनामे तटस्थ राहतात. मराठीत हा आडोसाही नाही. ‘हा-ही’, ‘तो-ती’, ‘माझा-माझी’, ‘येतो-येते’, ‘आलो-आले’ अशा प्रत्येक ठिकाणी वक्त्याला निवड करावीच लागते. सोंग घेणाऱ्याला स्वतःविषयी बोलताना आणि त्याच्या साथीदाराला त्याच्याविषयी बोलताना पदोपदी खोटे बोलावे लागते. वेष एकदा चढवला की झाले. लिंग मात्र दर वाक्यात नव्याने चढवावे लागते.

धनंजय माने परशुरामाची ‘पार्वती’ म्हणून ओळख करून देतो, तो प्रसंग या दृष्टीने पाहावा. ‘बायको’ या शब्दापूर्वी त्याच्या तोंडून ‘हा माझा’ निघून जाते. यात कोटी नाही, श्लेष नाही. आहे तो लिंगविसंवाद. मराठी वाक्यात दर्शक सर्वनाम आणि संबंधदर्शक शब्द आधी येतात, नाम मागाहून येते. म्हणून वाक्याच्या आरंभी डोळ्यांना दिसणारे सत्य बोलले जाते आणि शेवटी गरजेचे असत्य. एवढ्या तीन शब्दांत संपूर्ण चित्रपटाचे कथानक सामावले आहे. असला विसंवाद बंगालीत घडणेच शक्य नव्हते आणि हिंदीत तो एकाच शब्दापुरता राहिला असता. कथानक आयात केलेले असले, तरी हा विनोद येथल्या व्याकरणाचा आहे.

दुसरे उदाहरण शब्दयोजनेचे आहे. मधुमेहावरील औषध आणवण्यासाठी घरमालक सरपोतदारांनी दिलेले सत्तर रुपये परत मिळण्याची आशा उरत नाही, तेव्हा धनंजय त्या रुपयांविषयी ‘वारले’ हे क्रियापद योजतो. मराठीत मरणवाचक क्रियापदांची उतरंड आहे. जनावर मरते, मनुष्य मरतो तसा वारतोही, परंतु ‘वारणे’ हे केवळ मनुष्यासच, आणि तेही बोलणाऱ्याला आदर राखावयाचा असेल तेव्हा लागते. पैशाला ‘बुडणे’ लागते. पैसे बुडाले म्हटले की ते बुडवणारा कोणी तरी आलाच. ‘वारले’ म्हटल्याबरोबर ऋणको नाहीसा होतो. दोष कोणाचाच राहत नाही, आणि धनकोवर सुतकात मौन पाळण्याची पाळी येते. शिवाय वडीलधाऱ्या गृहस्थाविषयी आदरार्थी बहुवचनाने ‘वारले’ म्हणावे, तेच रूप सत्तर रुपयांच्या संख्यावाचक बहुवचनाला अचूक लागू पडते. व्याकरण निर्दोष आणि अर्थ अशक्य, अशी ही रचना आहे. तिच्यातील लबाडी प्रत्येक वेळी नव्याने प्रतीतीस येते, कारण ती शब्दांच्या परस्परसंबंधात वसते. ती ठाऊक झाल्याने संपत नाही.

तिसरे उदाहरण मात्र या विवेचनाची कसोटी पाहणारे आहे. रसिकांच्या तोंडी सर्वाधिक रुळलेले वाक्य म्हणजे पत्ता शोधत आलेल्या परशुरामाचा, धनंजय माने येथेच राहतात का, अशा आशयाचा प्रश्न. त्यात लिंगविसंवाद नाही की शब्दाचा अपप्रयोग नाही. कोणत्याही वाड्याच्या दारात कोणीही विचारावा असा तो प्रश्न आहे. मग तो विनोदी का वाटतो? येथे उक्ती स्वतः विनोद वाहत नाही; ती प्रसंगाची खूण म्हणून काम करते. ती उच्चारणारा आणि ओळखणारा एकाच स्मृतीचे भागीदार आहेत, एवढे त्यातून सिद्ध होते. म्हणजे रसिकांची अवतरणे दोन जातींची असतात : काही भाषेच्या गुणावर टिकतात, काही केवळ सहवासाच्या बळावर. वादात पुरावा म्हणून त्यांचे मोल सारखे मानता येणार नाही.

हा भेद ध्यानी घेतला म्हणजे रसिकांच्या कौलातील एक अन्यायही दिसू लागतो. सहवास घडण्यासाठी चित्रपट वारंवार दृष्टीस पडावा लागतो. ‘बनवाबनवी’ला दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणांचा लाभ झाला. प्र. के. अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ (१९३८), किंवा राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) यांना त्या प्रमाणात तो लाभला नाही. ब्रह्मचर्याची शपथ घेणाऱ्या तरुणाची फजिती अत्र्यांनी रंगवली, ती ज्या व्याख्यानबाजीची खिल्ली उडवण्यासाठी, तिची परिभाषा आजच्या प्रेक्षकाच्या कानावर नाही. ‘चुपके चुपके’मधील शुद्ध हिंदीची थट्टा अद्याप कळते, कारण अवघड सरकारी हिंदी अद्याप ऐकू येते. जुन्या चित्रपटातील वाक्ये आज कोणी म्हणत नाही, एवढ्यावरून त्यांचा विनोद कनिष्ठ ठरवणे म्हणजे ऐकण्याची संधी आणि गुण यांची गल्लत करणे होय.

अवतरणाच्या सवयीने ‘बनवाबनवी’चीही एक हानी केली आहे. वाक्य प्रसंगातून सुटे झाले की ते ज्या टंचाईतून निघाले ती विसरली जाते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूस काढणे दुष्कर केले. परिणामी नवी जागा देताना मालक धास्तावलेले असत. विवाहित जोडप्यांनाच जागा देणाऱ्या लीलाबाई काळभोर यांची अट या वातावरणात विक्षिप्त वाटत नाही. नोकरी आहे, मित्र आहेत, पण डोक्यावर छप्पर नाही, ही अवस्था चित्रपटातील प्रत्येक खोटेपणाच्या मुळाशी आहे. लिंगविसंवाद घडतो तो जागेसाठी. आणि परशुरामाच्या त्या साध्या प्रश्नातील मुख्य क्रियापदही ‘राहणे’ हेच आहे. कोण कोठे आणि कोणत्या नात्याने राहू शकतो, हाच चित्रपटाचा विषय आहे. तीस-पस्तीस वर्षे तो प्रश्न मौजेने विचारणारे रसिक विनोदाच्या नकळत त्याच विषयाचा उच्चार करीत आले आहेत.

सारांश, विनोदी चित्रपटांविषयीच्या वादात वाक्ये म्हणून दाखवणारा रसिक चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत नाही. अभिजात विनोद भाषेत टिकतो, ही त्याची जाण यथार्थ आहे. मात्र वाक्य उच्चारून तो जेथे थांबतो, तेथून समीक्षकाचे काम सुरू झाले पाहिजे : वाक्य स्वतःच्या घडणीमुळे टिकले की सवयीमुळे, त्याचा विनोद त्या भाषेवाचून संभवला असता काय, आणि प्रसंगातून उचलताना त्याचे काय गळून पडले, हे तपासण्याचे. मराठी चित्रपटांच्या संवादांचा असा व्याकरणनिष्ठ अभ्यास विद्यापीठांतून हाती घेतला गेल्यास ‘ब्रह्मचारी’सारख्या जुन्या कृतींनाही, त्यांची वाक्ये कोणाच्या ओठांवर नसली तरी, न्याय मिळण्याचा मार्ग मोकळा होईल.