‘ढगफुटीसदृश’ : पडद्यावरचा पाऊस आणि हरवलेला अंदाज

पावसाळ्याच्या चार महिन्यांत मराठी वृत्तवाहिन्यांवर पावसाची एक ठरावीक भाषा नांदते. पाऊस ‘कहर’ करतो, ‘धुमाकूळ’ घालतो, ‘तुफान बॅटिंग’ करतो, शहरांना ‘झोडपून’ काढतो. या भाषेवरचा नेहमीचा आक्षेप अतिशयोक्तीचा. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. अतिशयोक्ती आपल्या बोलण्यात पूर्वापार आहे. ‘आभाळ फाटलं’ म्हणणाऱ्याला आभाळ शाबूत असल्याचे ठाऊक असते. प्रश्न वेगळा आहे. हवामानाच्या अंदाजाला अर्थ येतो तो तीन गोष्टींमुळे : पाऊस कुठे, किती आणि कितपत संभवनीय. वाहिन्यांचा आवाज चढतो तेव्हा नेमक्या याच तीन गोष्टी गळून पडतात.

‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ ही हवामान खात्याची शब्दरचना वर्षानुवर्षे चेष्टेचा विषय झाली आहे. पण तिच्यातला प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर; त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘अतिमुसळधार’. हेच वाक्य पडद्यावर ‘राज्यात मुसळधार पाऊस कोसळणार’ असे होऊन येते. ठिकाण सुटले, शक्यतेचे भाकीत झाले आणि ‘मुसळधार’ या शब्दामागचे माप कोणी सांगितलेच नाही.

रंगांचेही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग काय करावे ते सांगण्यासाठी आहेत. वाहिन्या ते किती घाबरावे हे सांगण्यासाठी वापरतात. त्यामुळे पिवळ्या इशाऱ्यालाही लाल इशाऱ्याचेच पार्श्वसंगीत मिळते.

‘कुठे’ या प्रश्नाची हेळसांड सर्वांत महागात पडते. पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाटमाथ्यासाठी खाते स्वतंत्र इशारा देते, कारण सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस आणि पूर्वेकडच्या पर्जन्यछायेतला पाऊस यांची तुलनाच होत नाही. महाबळेश्वर आणि दुष्काळी माण तालुका एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. पण ‘पुण्याचा घाटमाथा’ या शब्दांतला घाटमाथा पडद्यावर पोहोचेपर्यंत गळतो आणि उरतो ‘पुण्याला रेड अलर्ट’. मग कोरड्या रस्त्यावरून फिरणारा पुणेकर वेधशाळेला हसतो, आणि ज्याच्या गावावर डोंगर आहे त्याच्यापर्यंत हसूच पोहोचते, इशारा नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आदल्या दिवसापासून पडद्यावर मुंबई होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतल्या माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या दिवशी ‘मुंबईवरचे संकट टळले’ हीच मोठी बातमी होती. पोफळ लावल्यापासून फळावर यायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे तिथल्या बागायतदाराचे संकट नुकते सुरू होत होते. एरवीही हिंदमाता आणि अंधेरी सबवे ही कॅमेऱ्याची नेहमीची ठिकाणे. जिथे हमखास पाणी साचते तिथेच कॅमेरा लावला, की पाऊस कितीही पडो, चित्र पुराचेच येते.

‘किती’ या प्रश्नाचे उत्तर टाळण्यासाठी तर एक खास शब्दच घडला आहे : ‘ढगफुटीसदृश’. ढगफुटीला व्याख्या आहे : सुमारे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात तासाला १०० मिलिमीटर पाऊस. ‘ढगफुटीसदृश’ला कसलीच व्याख्या नाही. तो ढगफुटीची दहशत घेतो आणि मोजमापाची जबाबदारी सोडतो. आता हा शब्द पुढाऱ्यांच्या निवेदनांतही रुळला आहे. ‘अतिवृष्टी’ही अशीच सैल झाली. वास्तविक महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, की अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याची, मदतीची वाट मोकळी होते. शेतकऱ्याच्या लेखी साठ आणि सत्तर मिलिमीटर यांत पिकाच्या भरपाईचे अंतर आहे. निवेदकाच्या लेखी दोन्ही ‘अक्षरशः धो धो’.

उलट दिशेची सनसनाटीही असते, ती आनंदाची. २०२५मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. पडद्यावर ‘वरुणराजा’चे स्वागत सुरू असताना पेरणीची घाई करू नका, असे शेतकऱ्यांना बजावावे लागत होते. मोसमी वारे दाखल होणे आणि पेरणीजोगी ओल होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांतला फरक विसरला, की दुबार पेरणी कपाळी येते, आणि दुसऱ्या बियाण्याचे पैसे वाहिनी देत नाही.

यावर वाहिन्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो : बेसावध राहण्यापेक्षा चार वेळा जास्त सावध केलेले बरे. त्यामागे २६ जुलै २००५ची आठवण असते, आणि ती हलकी नाही. पण त्या दिवसाचे आकडेच या युक्तिवादाच्या विरोधात जातात. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच शहरात कुलाब्याला सुमारे ७३. ‘मुंबईत कहर’ हे वाक्य त्या दिवशी कुलाब्याला खोटे ठरले असते आणि सांताक्रूझला फारच थोडे. जीव वाचवणारी माहिती त्या दोन आकड्यांमधल्या फरकात होती. शिवाय साध्या सरींवर ‘कहर’ खर्च करणाऱ्या वाहिनीकडे ९४४ मिलिमीटरच्या दिवसासाठी शब्द शिल्लक राहत नाही.

मराठीत पावसाला शब्द कमी नाहीत. भुरभुर, पिरपिर, रिमझिम, झड, संततधार, वळीव : यांतला प्रत्येक शब्द पावसाचा जोर, मुक्काम किंवा हंगाम सांगतो. लोकांनी ही शब्दसंपत्ती मापाशिवाय, पण निरीक्षणाने उभी केली. हवामान खात्याने तिला मिलिमीटरची जोड दिली. वाहिन्यांना नवे काही घडवायचे नाही. तालुक्याचे नाव, पावसाचा आकडा आणि ‘शक्यता’ हा शब्द, एवढे तीन तपशील प्रत्येक बातमीत जसेच्या तसे ठेवले, तर श्रीवर्धनचा बागायतदार आणि माणचा शेतकरी त्या बातमीवरून आपला उद्याचा दिवस ठरवू शकतील. अंदाज असतो तो त्यासाठीच.