साम्राज्याचे दफ्तर आणि तिसरा पक्षकार

जेन ऑस्टिन यांच्या १८१४ सालच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या कादंबरीतील सर थॉमस बर्ट्रम हे प्रतिष्ठित गृहस्थ वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावरच्या आपल्या मिळकतीचा बंदोबस्त करावयास काही काळ घर सोडून जातात, आणि ते परतल्यावर त्यांच्या आश्रयास राहिलेली भाची फॅनी गुलामांच्या व्यापाराचा विषय काढते, तेव्हा बैठकीत कोणीच काही बोलत नाही. कादंबरीचे बहुतेक वाचक या स्थळावरून स्वस्थ चित्ताने पुढे गेले. एडवर्ड सईद यांनी १९९३ साली ‘कल्चर अँड इम्पीरियलिझम’ या ग्रंथात नेमके तेथेच बोट ठेवले. त्या हवेलीतील शिस्त, सदभिरुची आणि विवाहांच्या वाटाघाटी यांचा खर्च ज्या मळ्यांतून निघे, तेथे विकत घेतलेली माणसे राबत होती, आणि कादंबरीची नीतिव्यवस्था त्या बेटाचे नाव घेऊनही त्याचा हिशेब मांडीत नाही, असे त्यांचे म्हणणे. ऑस्टिन यांस कमी लेखण्याचा हा उद्योग नव्हे. त्यांच्या कलेविषयी सईद यांना आदरच आहे. वसाहतोत्तर समीक्षेने वाचनाची जी रीत शिकविली तिचा हा उत्तम मासला होय, आणि माझ्या मते त्या समीक्षेची टिकाऊ कमाईही हीच आहे.

या समीक्षेचा आरंभ सईद यांच्याच १९७८ सालच्या ‘ओरिएंटॅलिझम’पासून धरण्याचा प्रघात आहे. पूर्वेविषयी युरोपीय पंडितांनी लिहिले ते सारे खोटे, असा सवंग आरोप त्या ग्रंथात नाही. विद्वानाचा व्यासंग आणि अंमलदाराचा कारभार हे एकमेकांच्या आधाराने वाढले, आणि पूर्वेचा माणूस आळशी, गूढ, कालबाह्य व स्वतःचा कारभार स्वतः पाहण्यास नालायक असल्याचे चित्र त्या सहवासातून सिद्ध होऊन पुढे तेच राज्य करण्याची सनद बनले, हे त्याचे प्रतिपादन आहे. त्यापूर्वी मार्तिनिक बेटावर जन्मलेले आणि अल्जीरियातील मनोरुग्णालयात काम केलेले फ्रान्झ फॅनन यांनी १९५२ आणि १९६१ सालच्या आपल्या दोन ग्रंथांतून वसाहतीने माणसाच्या अंतःकरणात केलेली पडझड दाखविलीच होती. १९८९ साली गौरी विश्वनाथन यांनी आणखी एक दुवा जोडला: इंग्रजी साहित्य हा अध्ययनाचा रीतसर विषय म्हणून इंग्लंडमधील विद्यापीठांच्या आधी हिंदुस्थानात रुजला. आपल्या महाविद्यालयांतून शेक्सपिअर घोकणाऱ्या पिढ्यांना हे कळले असते तर त्यांना गंमत वाटली असती.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या ‘कॅन द सबाल्टर्न स्पीक?’ या १९८८ सालच्या निबंधाचे नाव सर्वांच्या तोंडी असते. तो शेवटपर्यंत वाचणारे थोडे, कारण त्याची भाषा वाचकावर दया करीत नाही. तथापि त्याच्या अखेरीस जी हकीकत येते ती विसरणे कठीण. १९२६ साली कलकत्त्यात भुवनेश्वरी भादुरी या तरुण मुलीने गळफास घेतला. ती सशस्त्र क्रांतिकारकांच्या गटात होती, एका राजकीय हत्येची कामगिरी तिच्यावर सोपविलेली होती आणि ती तिच्याने पार पडली नाही, हे कित्येक वर्षांनी उघड झाले. निषिद्ध प्रेमातून राहिलेल्या गर्भापायी आपण जीव दिला, असे लोक म्हणतील हे ओळखून तिने मासिक पाळी येईपर्यंत थांबून मगच मरण पत्करले होते, म्हणजे स्वतःच्या देहाची साक्ष काढून ठेवली होती. आणि तरीही पुढे घरच्यांच्याच बोलण्यात ते प्रेमप्रकरण ठरले. दलितपतितांना बोलता येत नाही, असा निष्कर्ष स्पिवाक यांनी यावरून काढला व त्यावर मोठे काहूर उठले. १९९९ साली त्यांनीच ते विधान अविचाराचे होते असे म्हटले. मला ते विधान तितकेसे अविचाराचे वाटत नाही. बोलणारी बोलली होती. तिचे बोलणे दाखल करून घेणारे दफ्तरच कोठे नव्हते.

याच परंपरेतील समीक्षक होमी भाभा हे मूळचे मुंबईचे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी. अनुकरण आणि संकर या त्यांच्या दोन कल्पनांवर आजवर इतके शोधनिबंध निघाले आहेत की मूळ निबंधांतील दाखले बाजूलाच पडले. त्यांतील एक दाखला १८१७ सालचा आहे. दिल्लीबाहेर झाडांच्या सावलीत जमलेले काही लोक हिंदुस्थानीत छापलेले शुभवर्तमान भक्तिभावाने वाचीत होते. आनंद मसीह नावाच्या धर्मोपदेशकाने हा गोऱ्यांचा ग्रंथ असल्याचे सांगितले, तेव्हा हे तर देवाचे देणे आहे, ते गोऱ्यांचे कसे असेल, अशी हरकत त्यांनी घेतली. आणि ख्रिस्ती लोकांच्या इतर चालीरीती मान्य करूनही, गोमांस खाणाऱ्यांचा प्रभुभोजनाचा संस्कार आपणांस चालणार नाही, असे बजावले. भाभांना या प्रसंगात साम्राज्याच्या अधिकाराला रयतेने दिलेला शह दिसतो, आणि तो आहेही. परंतु हा आहारशुद्धीचा दंडक कंपनी सरकारच्या कितीतरी आधीपासून या भूमीवर कोणाला पंगतीबाहेर ठेवण्यासाठी राबविला जात होता, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष जात नाही.

येथेच या सिद्धान्ताची मूळ अडचण हाती लागते. त्याच्या कचेरीत वादी आणि प्रतिवादी असे दोनच पक्षकार उभे असतात, राज्यकर्ता व रयत. आणि महाराष्ट्राचा एकोणिसाव्या शतकातील मोकदमा पहिल्यापासून तिघांचा होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली, मिशनऱ्यांचा समाचार घेतला, स्वभाषेचा अभिमान जागविला. वसाहतोत्तर समीक्षेला हवा असलेला नायक असाच असतो. परंतु याच शास्त्रीबुवांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाची यथेच्छ टर उडविली. जोतीरावांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ‘माले’च्या आदल्याच वर्षी निघाला होता आणि तो अर्पण केला होता, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. जोतीरावांच्या हिशेबी परकी अंमल हा जुन्या, घरच्या दास्यावर पडलेला नवा थर होता आणि क्वचित त्यातून सुटण्याची फटही. पण म्हणून ते सरकारचे भाट झाले नाहीत. शेतसाऱ्याचा पैसा रयतेच्या घामाचा, आणि त्यातून चालणाऱ्या शिक्षणाची फळे मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरात, असे त्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे स्पष्ट मांडले. पुढे १९७२ साली मुंबईत तरुण दलित लेखकांनी आपल्या संघटनेला नाव घेतले तेही अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ चळवळीवरून. शंभर वर्षांच्या अंतराने मराठी माणसाच्या सर्वांत जळजळीत दास्यानुभवाला आपला सोयरा अटलांटिकपलीकडच्या गुलामांत दिसावा, लंडनशी चाललेल्या भांडणात दिसू नये, याची संगती दोन पक्षकारांच्या आराखड्यात लागत नाही.

भाषेच्या प्रश्नावर आफ्रिकेत मोठा खल झाला. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनी इंग्रजीला आपल्या अनुभवाप्रमाणे वाकविण्याचा पक्ष घेतला. केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांनी १९६८ साली दोन सहकाऱ्यांसह नैरोबी विद्यापीठातील इंग्रजी विभागच बंद करावा अशी मागणी केली आणि पुढे गिकुयू भाषेत लिहावयास घेतले. १९७७ साली स्वतंत्र केनियाच्या राज्यकर्त्यांवर कठोर प्रहार करणारी त्यांची इंग्रजी कादंबरी ‘पेटल्स ऑफ ब्लड’ निघाली, तिच्यामुळे त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. कामिरिइथू गावी शेतकरी व मजुरांनी गिकुयूत त्यांचे नाटक केले, आणि वर्ष संपण्याच्या आत त्यांना कैद झाली. गिकुयूतील पहिली कादंबरी त्यांनी तुरुंगात शौचालयाच्या कागदावर लिहिली. फॅनन यांनी स्वकीय सत्ताधाऱ्यांविषयी जो इशारा दिला होता तो असा खरा ठरला. आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीचे अध्यापन करीत देशीवाद मांडला, आणि पाश्चात्त्य मापांनी मराठी कादंबरी मोजणाऱ्यांची चांगली खोड मोडली. मात्र देशी परंपरेत गावकुसाबाहेरच्या माणसाची जागा कोणती, या प्रश्नापाशी देशीवादही अडखळतो.

एजाझ अहमद यांनी १९९२ सालीच तक्रार केली होती की हा सारा सिद्धान्त इंग्रजीत आलेल्या मूठभर पुस्तकांवर उभा आहे. तक्रार अद्याप निकालात निघालेली नाही. अरुण कोलटकर यांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ साली आली, पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला आणि परदेशी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ती स्थिरावली. त्यांची मराठी ‘भिजकी वही’ मात्र त्या अभ्यासकांच्या लेखी नसल्यासारखीच. वस्तुतः इंग्रजीत लिहिताना हा कवी खंडोबाच्या पायऱ्या चढतो आहे, आणि मराठीत लिहिताना तो अलेक्झांड्रियाच्या हिपेशियापासून रशियातील नादेझ्दा मांदेलश्तामपर्यंत सगळ्या जगाच्या बायांची दुःखे फिरून येतो. स्थानिक भाषा कोणती आणि विश्वाची कोणती, याविषयी या समीक्षेने मनोमन जी वाटणी करून ठेवली आहे, ती येथे साफ उलटी पडते. परंतु ती उलटी पडल्याचे दिसण्यासाठी आधी मराठी वाचता यावे लागते.