ध्रुवीय प्रकाशाची चौकट आणि कुकडीकाठची रात्र

रात्रीच्या निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणावर ध्रुवीय प्रकाशाच्या, म्हणजेच अरोराच्या, चित्रांची दाट छाया आहे. खाली काळोखी निर्मनुष्य भूमी, वर रंगांनी उजळलेले आकाश आणि मध्ये प्रतिबिंब धरणारे पाणी ही रचना नॉर्वे-आइसलँडच्या चित्रांतून सर्वत्र रूढ झाली. शिरूर-दौंडच्या आकाशात अरोरा अपेक्षित नाही. त्याची चौकट मात्र येथेही येऊन पोहोचली आहे. ती येथील रात्रीला कितपत मानवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या चौकटीचे मूळ सौंदर्यदृष्टीपेक्षा पुराव्यात अधिक आहे. 1892 मध्ये मार्टिन ब्रेंडेल यांनी उत्तर नॉर्वेतील बोसेकोप येथे अरोराचे छायाचित्र घेतले. पुढे कार्ल स्टॉर्मर यांनी दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठाण्यांवरून एकाच क्षणी छायाचित्रे टिपून, पार्श्वभूमीच्या ताऱ्यांच्या आधारे अरोराची उंची काढली. 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री मुंबईतही अरोरा दिसल्याची नोंद आहे. पण ती शब्दांतच राहिली. मे 2024 मधील सौरवादळाच्या वेळी लडाखमधील हानले येथे मात्र भारताच्या वाट्याला भक्कम दृश्य पुरावा आला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तेथील कॅमेऱ्यांनी क्षितिजालगतची लाली टिपली. दोनशे किलोमीटरहून अधिक उंचीवरील ऑक्सिजनच्या अणूंपासून येणारा हा तांबडा प्रकाश अंधारात मानवी डोळ्याला फारसा जाणवत नाही. कॅमेरा तो काही सेकंद साठवून गडद करतो. म्हणून त्या चित्रांना खोटे म्हणता येणार नाही. जे होते तेच त्यांत आहे, फक्त कोणी तसे पाहिलेले नव्हते. मात्र उघडझापेचा अवधी सांगितला नाही, तर हा भेद प्रेक्षकापासून लपतो.

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडच्या पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात बेसाल्ट खडकाला पडलेले रांजणखळगे आहेत. प्रवाहात गरगरणाऱ्या गोट्यांनी ते कोरले. साचलेले पाणी, काळा कातळ आणि वर आकाशगंगा, असा चौकटीचा सगळा ऐवज येथे आयता मिळतो. अडचण एकच. आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग दक्षिणेकडे दिसतो, आणि त्याच दिशेला रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. क्षितिजावरची तिची पिवळट प्रभा कॅमेरा चुकवत नाही. हानलेची लाली ज्या निष्ठेने तो साठवतो, त्याच निष्ठेने हीही साठवतो. या धाटणीच्या चित्रणात मग संगणकावर ती प्रभा निळी करण्याची किंवा संधिप्रकाशात वेगळा टिपलेला कातळ खाली जोडण्याची रीत आहे. येथे आक्षेप तंत्राला नाही. स्टॉर्मरनेही तंत्रच वापरले. आक्षेप आहे तो पुराव्याचे रूप घेऊन पुरावाच पुसण्याला.

निर्मनुष्यतेचा संकेत तर येथे अधिकच खटकतो. शेतीच्या विजेची पाळी रात्री आली की उसाला पाणी देण्यासाठी माणसे शिवारात उतरतात, आणि त्याच उसात बिबट्याचा वावर असतो. वीस सेकंदांच्या उघडझापेत बॅटरी घेऊन बांधावरून चालणारा शेतकरी दिसत नाही, त्याच्या बॅटरीची वाकडी रेघ तेवढी उमटते. ती दोष समजून काढून टाकली जाते. वास्तविक त्या चित्रात रात्रीचा अर्थ सांगणारी तीच एक खूण असते. अरोराच्या चित्रांत रिकामी भूमी शोभते, कारण तेथील हिमाच्छादित किनारा बहुधा खरोखर रिकामा असतो. येथील अंधार मात्र वस्तीचा आहे आणि त्यात भीतीही आहे.

दौंडच्या बाजूला ही चौकट आपोआपच मोडते, हे एका परीने बरे. कुरकुंभच्या कारखान्यांचे दिवे, जंक्शनमधील रेल्वेचे मार्ग, हंगामात गुऱ्हाळांच्या चुलवणांचा जाळ आणि त्याने खालून तांबूस झालेला धूर हे सगळे पुसायचे ठरवले, तर चित्रात फारसे काही उरत नाही. भीमेच्या काठावरून तो धूर जसा आहे तसा, वर फिकट तारे ठेवून टिपणारे छायाचित्र हानलेच्या चित्रांना अधिक जवळचे ठरेल. खाली मात्र अवधी आणि दिशा लिहिलेली असावी.