८ बाद २४८ नंतर

३० मार्च १९९९. ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल. ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेस्ट इंडीजला जिंकायला ३०८ हव्यात आणि फळ्यावर ८ बाद २४८. २३८ला जिमी अॅडम्स गेला आणि त्यापाठोपाठ दहा धावांत जेकब्स आणि पेरी. तिघेही मॅकग्राने उचललेले. कर्टली अँब्रोस बॅट काखेत मारून आत येतो आणि समोर ब्रायन लारा उभा असतो. लाराची १५३ नाबाद ही खेळी पुन्हा पाहायची असेल तर मी इथून सुरुवात करतो. शतक आधीच झालेलं असतं, फटक्यांची आतषबाजीही बरीचशी उरकलेली असते. इथून पुढे निव्वळ फलंदाजी आहे.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. १९८० ते १९९५ वेस्ट इंडीज एकही कसोटी मालिका हरला नव्हता. १९९५ मध्ये मार्क टेलरच्या ऑस्ट्रेलियाने त्यांना त्यांच्याच घरात २–१ने हरवलं. मग पाकिस्तानात ३–०, दक्षिण आफ्रिकेत ५–०. त्या आफ्रिका दौऱ्याआधी तर मानधनावरून खेळाडू लंडनला अडून बसले होते. मंडळाने कर्णधार लाराला काढलं आणि मग परत घेतलं. १९९९च्या मालिकेत कर्णधारपद त्याच्याकडे राहिलं तेही सुरुवातीला फक्त दोन कसोटींपुरतं, परीक्षा म्हणून. पहिल्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या त्रिनिदादमध्ये, संघ ५१ धावांत गुंडाळला गेला. पुढच्या कसोटीत किंग्स्टनला त्याने २१३ केल्या आणि सामना जिंकला. ब्रिजटाउन तिसरी कसोटी.

लाराची बॅकलिफ्ट हा पाहण्याचा पहिला पाठ. गोलंदाज उडी घेतो तेव्हा लाराचे गुडघे वाकतात, बॅट पार डोक्याच्या वर जाते, अंग किंचित उसळतं. इतक्या वरून खाली येणाऱ्या बॅटला चेंडू गाठायला उशीर व्हायला हवा, असं कुठलाही प्रशिक्षक सांगेल. होतं उलटंच. चेंडूचा टप्पा कळेपर्यंत बॅट वर थांबलेली असते, आणि मग एकदम येते. हा नखरा वेस्ट इंडीजमध्ये जुना आहे. गयानाचा रोहन कन्हाय असाच अंग झोकून खेळायचा, स्वीप मारता मारता पाठीवर पडायचा. गावसकरांनी आपल्या मुलाचं नाव त्याच्यावरून ठेवलं. मुलगा निघाला डावखुरा, लारासारखा! गावसकरांसारख्या काटेकोर फलंदाजाला कन्हायचं एवढं वेड असावं, यातच कन्हायची पावती आहे.

पण नखरा म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे त्या दिवशी दिसतं. ३ बाद ८५वर पाचव्या दिवसाचा खेळ सुरू झाला आणि १०५ला पाच गेले. लारा आणि अॅडम्स यांनी १३३ जोडल्या, त्यात अॅडम्सच्या एकूण ३८. मॅकग्राचा उसळता चेंडू लाराच्या हेल्मेटवर आदळला, तो खाली पडला, उठला. फिरकीकडे त्याने वेगळ्याच हिशेबाने पाहिलं. वॉर्न आणि मॅकगिल, दोन लेगस्पिनर एकाच संघात. डावखुऱ्याकडे त्यांचा चेंडू आत वळतो, म्हणजे वळणाबरोबर लेगला मारायचा मोह. लाराने तो मोह हवा तेव्हाच पत्करला. पाय वापरून टप्प्यावर पोचायचं, नाहीतर मागे सरकून चेंडूला पूर्ण वळू द्यायचं. अधांतरी राहणं नाही. वॉर्नला त्या डावात एकही बळी मिळाला नाही आणि पुढच्या कसोटीत त्याला संघातून वगळलं गेलं.

आणि आता अँब्रोस. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ क्षेत्ररक्षण पांगवतो: लाराला एक धाव घ्या म्हणून आमंत्रण. लारा षटकाच्या सुरुवातीला चेंडू मोकळ्या जागेत ढकलतो आणि पळत नाही. प्रेक्षक ओरडतात, तो खेळपट्टीवरची माती ठोकत बसतो. मग चार हव्यात तेव्हा दोन क्षेत्ररक्षकांच्या मधली फट शोधतो, आणि षटक संपत आलं की मनगट सैल सोडून एक धाव चोरतो. वर आकाशाकडे जाणारी तीच बॅट इथे चेंडू नुसता अडवून ठेवते. (क्रिकेटवर लिहिताना गायकीची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, मी ती आवरतो.) अँब्रोसने या सगळ्यात १२ केल्या आणि ५४ची भागीदारी झाली. विजय टप्प्यात असताना लाराच्या बॅटची कड लागली, यष्टिरक्षक हीलीने एका हाताने झेप घेतली आणि चेंडू सुटला. झेल सुटल्यावर बहुतेक फलंदाज एक-दोन चेंडू गप्प राहतात. लारा गप्प राहू शकत नव्हता, कारण आता फक्त कोर्टनी वॉल्श उरला होता. कसोटीत ४३ वेळा शून्यावर बाद होण्याचा विक्रम ज्याच्या नावावर आहे तो वॉल्श. ३०२ला अँब्रोस गेला, वॉल्शने त्याच्या वाट्याचे चेंडू कसेबसे तटवले, आणि बरोबरी झाल्यावर गिलेस्पीला कव्हरमधून चौकार.

विस्डेनने २००१ मध्ये ही खेळी कसोटीतली ब्रॅडमनच्या २७०नंतरची सर्वोत्तम ठरवली. असल्या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण लॉइडच्या त्या जुन्या अजिंक्य संघात ही खेळी झालीच नसती, एवढं मी खात्रीने म्हणेन. तिथे ग्रीनिज-हेन्स पाया घालायचे, रिचर्ड्स च्युइंगम चघळत येऊन गोलंदाजांची अब्रू काढायचा आणि उरलेलं काम होल्डिंग, गार्नर, मार्शल करायचे. कुणा एकाला अकरावा गडी जपत बसायची वेळच येत नसे. लाराला ती आली, कारण खालची जमीन सरकत होती.

ती का सरकली याचं उत्तर लोक पटकन ‘बास्केटबॉल’ असं देतात. मला ते अर्धवट वाटतं. रिचर्ड्स आणि गार्नर सॉमरसेटला, मार्शल आणि ग्रीनिज हॅम्पशरला, लॉइड लँकेशरला वर्षानुवर्षं खेळले. त्यांची घडण इंग्लिश काउंटीत झाली, आणि काउंट्यांनी परदेशी खेळाडूंची संख्या कमी केल्यावर ती शाळाच बंद पडली. वेस्ट इंडीज हा देश नाही. वेगवेगळी सरकारं असलेली, समुद्राने तोडलेली बेटं आणि मुख्य भूमीवरचा गयाना क्रिकेटसाठी एकत्र येतात. अशा मंडळाकडे पैसा तुटपुंजा आणि भांडणं भरपूर. पुढे ट्वेंटी-२० आलं आणि ज्याच्या हातात जोर आहे त्याला पाच दिवस खपण्याचं कारण उरलं नाही. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? त्याला बोली लावून नेणाऱ्यांत आपणच पहिले.

ब्रिजटाउनपेक्षा मला आज दुसरी मालिका जास्त छळते: २००१ची श्रीलंका. मुरलीधरन ऐन भरात, आणि लाराच्या तीन कसोटींत ६८८ धावा. मुरलीचा चेंडू हातातूनच ओळखून उशिरा खेळणं, स्वीप करताना चेंडू स्क्वेअरच्या पुढे मारणं, हे ज्याने पाहिलं त्याला फिरकी खेळणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. कोलंबोच्या शेवटच्या कसोटीत त्याने २२१ आणि १३० केल्या. वेस्ट इंडीज दहा गड्यांनी हरला, मालिका ३–०. तिथे अँब्रोस नव्हता, वॉल्श नव्हता. दोघेही निवृत्त झाले होते. ज्यांच्यासाठी षटकाच्या अखेरीस एक धाव चोरावी, आणि चोरली तर उद्या प्रतिस्पर्ध्याला १४६ धावांत काढतील, असे ते शेवटचे. ब्रिजटाउनला ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव १४६वर संपला तो वॉल्शच्या पाच बळींमुळे, हे लाराच्या खेळीच्या गजरात आपण विसरतो.

जुलै २०२५ मध्ये किंग्स्टनला वेस्ट इंडीज ऑस्ट्रेलियाविरुद्ध २७ धावांत बाद झाला. न्यूझीलंडच्या २६च्या नीचांकापेक्षा एक जास्त. स्टार्कने ९ धावांत ६ घेतले. त्या डावात पाहण्यासारखी फलंदाजी शोधायला मी बसलो होतो. शोधायला लागायच्या आत डाव संपला.