भांडवलनिर्मितीचा आलेख आणि त्याची परिभाषा

१

स्वातंत्र्योत्तर भारताच्या आर्थिक वाटचालीविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात एक आलेख वारंवार भेटतो. १९५०-५१ मध्ये देशाच्या एकूण उत्पादनाच्या ९ ते १० टक्के असलेली भांडवलनिर्मिती १९७० च्या दशकाच्या अखेरीस २० टक्क्यांच्या वर गेली. १९९० च्या दशकात ती २५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळली. २००३ नंतर झपाट्याने वाढून २००७-०८ मध्ये तिने ३५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली. आणि २०११-१२ नंतर ती उतरणीस लागली. सहा-सात दशकांचा हा चढउतार सांगताना कोणी नियोजनाच्या यशाचा दाखला देतो, कोणी भारतीय कुटुंबाच्या काटकसरीचा गौरव करतो, तर कोणी उद्योगपतींच्या निरुत्साहावर ठपका ठेवतो. निष्कर्ष परस्परविरोधी असले तरी आधार एकच असतो, आणि त्या आधाराची चिकित्सा मात्र क्वचितच होते.

हा आलेख खोटा आहे असे येथे प्रतिपादन करावयाचे नाही. परंतु तो ज्या शब्दांत मांडला जातो ते शब्द या काळात एकार्थी राहिलेले नाहीत, आणि मराठी पर्यायांनी ही अनेकार्थता उघड करण्याऐवजी झाकली आहे. शब्दाचा अर्थ बदलला आणि रूप तेच राहिले, तर दोन काळांतील वाक्यांची तुलना करताना भाषेचा अभ्यासक सावध होतो. आकड्यांच्या बाबतीत ही सावधगिरी बाळगणे अधिकच अगत्याचे आहे. कारण आकडा वाचकाला शब्दापेक्षा निःसंदिग्ध वाटतो.

२

प्रथम 'गुंतवणूक' आणि 'भांडवलनिर्मिती' या जोडीचा विचार करणे इष्ट होईल. मराठी लेखनात हे दोन शब्द सर्रास समानार्थी म्हणून योजले जातात. 'गुंतवणूक' हा शब्द 'गुंतविणे' या प्रयोजक क्रियापदाला 'णूक' हा प्रत्यय लागून सिद्ध होतो. नेमणूक, फसवणूक, करमणूक हे त्याचे सजातीय. या क्रियेचा कर्ता पैशाचा धनी असतो. त्याचा पैसा कोठे तरी अडकतो आणि त्यापासून लाभाची अपेक्षा असते, एवढेच व्यवहारात अभिप्रेत असते. म्हणूनच सोन्यात, जमिनीत, समभागांत गुंतवणूक केली असे मराठी माणूस सहज म्हणतो, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते बिनचूक असते.

राष्ट्रीय हिशेबाच्या दृष्टीने मात्र यांतील बराच भाग भांडवलनिर्मिती नव्हे. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर देशात नवे काही निर्माण होत नाही. एकाचा पैसा गुंतला, दुसऱ्याचा सुटला. बाजारात जुना समभाग विकला गेला तर तेथेही तेच. उलटपक्षी, शेतकऱ्याने घरच्या माणसांच्या श्रमाने विहीर खणली तर त्या श्रमापुरता एक पैसाही हस्तांतरित होत नाही, तथापि ती विहीर भांडवलनिर्मितीच होय. तात्पर्य, 'गुंतवणूक' ही धन्याच्या बाजूने पाहिलेली घटना आहे आणि 'भांडवलनिर्मिती' ही समाजाच्या बाजूने पाहिलेली. या दोन घटना एकाच वेळी घडतातच असे नाही.

सोन्याचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. १९९९-२००० हे पायावर्ष असलेल्या मालिकेपासून 'मौल्यवान वस्तू' हे स्वतंत्र सदर एकूण भांडवलनिर्मितीत समाविष्ट झाले. परिणामी २०११-१२ या वर्षासाठी स्थिर भांडवलाची निर्मिती ३४ टक्क्यांच्या किंचित वर दिसते, तर साठ्यांतील वाढ आणि मौल्यवान वस्तू धरून एकूण भांडवलनिर्मिती ३९ टक्क्यांच्या घरात जाते. पाच टक्क्यांचा हा फरक लहान नाही. त्यांतील निम्म्याच्या आसपास भाग मौल्यवान वस्तूंचा आहे, आणि त्यांच्या योगाने एकही यंत्र चालत नाही. '३९ टक्के गुंतवणूक' असे वाचून जो विद्यार्थी कारखाने आणि कालवे डोळ्यांसमोर आणतो, त्याची दिशाभूल आकड्याने नव्हे, तर विशेषण गाळणाऱ्या लेखकाने केलेली असते.

३

दुसरी संदिग्धता स्थूल आणि निव्वळ यांच्या भेदातून उद्भवते. आर्थर लुइस यांनी १९५४ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात विकासाचा मध्यवर्ती प्रश्न असा मांडला की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४-५ टक्के बचत व गुंतवणूक करणारा समाज १२ ते १५ टक्के बचत करू लागतो तो कसा? भारताच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेतही आरंभीचे प्रमाण सुमारे ५ टक्के धरलेले होते, आणि दुसऱ्या योजनेने ते ७ टक्क्यांवरून १९६०-६१ पर्यंत ११ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. हे सर्व आकडे निव्वळ गुंतवणुकीचे आहेत. म्हणजे जुन्या साधनांची झीज, अर्थात घसारा, वजा करून उरलेले. आजच्या तक्त्यांतील ३४ किंवा ३९ हे आकडे स्थूल आहेत. त्यांत झीज भरून काढण्यासाठी झालेला खर्चही अंतर्भूत आहे. म्हणूनच त्याच १९५०-५१ या वर्षासाठी एके ठिकाणी ५ आणि दुसऱ्या ठिकाणी ९ किंवा १० असा आकडा आढळतो. अर्थात यांतील काही फरक पुढे सुधारलेल्या अंदाजांचाही आहे.

'पाच टक्क्यांवरून चौतीस टक्क्यांवर' असे वाक्य लिहिणारा लेखक एका परिमाणाने आरंभ मोजतो आणि दुसऱ्याने शेवट. साधनांचा संचय जसजसा वाढतो तसतशी त्यांची झीजही वाढते. २०११-१२ च्या सुमारास एकूण उत्पादनाचा साधारण दहावा हिस्सा घसाऱ्यापोटी खर्ची पडत होता. तो वजा करता लुइस यांच्या परिमाणाने चोवीस-पंचवीस टक्के उरतात. ही प्रगती भरीव आहेच. पण ती सातपट नव्हे, पाचपट आहे.

याच्याच जोडीला किमतींचा प्रश्न येतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत भांडवली वस्तूंच्या किमती इतर वस्तूंच्या मानाने अधिक वाढल्या. चालू किमतींनी काढलेले प्रमाण त्यामुळे जितके वाढलेले दिसते तितकी प्रत्यक्ष साधने वाढलेली नसतात. १९७० च्या दशकाअखेर बचत व गुंतवणुकीची प्रमाणे विशीच्या वर असूनही विकासाचा वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपासच का राहिला, या कोड्याने अर्थशास्त्रज्ञांना बराच काळ सतावले. या कोड्याचा सर्व उलगडा किमतींच्या फरकाने होत नाही. भांडवलाच्या वापरातील अकार्यक्षमता, अपुरे राहिलेले प्रकल्प, शेतीची संथ गती ही कारणेही खरीच होती. धरणाचे बांधकाम चालू असेपर्यंत दरवर्षीचा खर्च त्या त्या वर्षाची भांडवलनिर्मिती म्हणून नोंदला जातो. पाणी शेतात खेळू लागते ते पुष्कळ नंतर. तथापि कोड्याचा एक अंश परिभाषेतच दडलेला होता, हे नाकारता येणार नाही.

४

सर्वांत गंभीर प्रश्न आहे तो 'कुटुंबक्षेत्र' या संज्ञेचा. भांडवलनिर्मितीची विभागणी सार्वजनिक क्षेत्र, खासगी कंपनीक्षेत्र आणि कुटुंबक्षेत्र अशी करण्याचा प्रघात आहे. यांपैकी सार्वजनिक क्षेत्राचा आकडा अंदाजपत्रके आणि संस्थांचे हिशेब यांवरून थेट काढता येतो. कंपनीक्षेत्राचा आकडा दीर्घकाळ रिझर्व्ह बँकेने अभ्यासलेल्या निवडक कंपन्यांच्या ताळेबंदांवरून, भरणा झालेल्या भांडवलाच्या प्रमाणात फुगवून, काढला जात असे. देशातील एकूण निर्मितीचा अंदाज मात्र वेगळ्याच मार्गाने येतो: यंत्रसामग्रीसाठी देशातील उत्पादन व आयात-निर्यात, बांधकामासाठी सिमेंट, पोलाद, विटा, लाकूड यांचा वापर, अशा वस्तुप्रवाहावरून. या एकूण आकड्यातून पहिली दोन क्षेत्रे वजा करून जे उरते, ते कुटुंबक्षेत्राच्या नावे जमा होते. वेळोवेळी झालेल्या कर्ज व गुंतवणूक पाहण्या या अंदाजाला काही आधार देतात. पण त्या सुमारे दहा वर्षांच्या अंतराने होत आल्या.

म्हणजे हे क्षेत्र मोजलेले नसून उरलेले आहे. सिमेंटचा अंदाज चुकला, कंपन्यांचा नमुना अपुरा पडला, तरी त्या सर्व चुका निमूटपणे याच्या पदरात पडतात. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९८२ च्या आपल्या अहवालात १९५०-५१ ते १९७९-८० या कालखंडातील अंदाजांची कसून छाननी केली होती. अशा छाननीची गरज का भासली हे मराठी ग्रंथांच्या वाचकाला सहसा कळत नाही. कारण 'कुटुंब' हा शब्द त्याला शंका घेऊ देत नाही. या शब्दासरशी घर, गृहिणी आणि पै-पै साठविण्याचे संस्कार डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः या क्षेत्रात शेतकरी, किरकोळ व्यापारी, भागीदारी पेढ्या, इचलकरंजी वा मालेगावचे खासगी मालकीचे यंत्रमाग, अशा कंपनी म्हणून न नोंदलेल्या सर्व उद्योगांचा समावेश होत आला. यंत्रमागधारकाने घेतलेला नवा माग हा 'कौटुंबिक' काटकसरीचा पुरावा म्हणून सादर व्हावा, हा परिभाषेने केलेला विपर्यास होय.

२०११-१२ च्या मालिकेत तर हिशेब ठेवणाऱ्या भागीदारी व एकल मालकीच्या अनेक उद्योगांना 'कंपनीसदृश' ठरवून कंपनीक्षेत्रात वर्ग करण्यात आले. माग तोच, मालक तोच, गावही तेच; पण तक्त्यात त्याचे घर बदलले. जुन्या मालिकेतील कुटुंबाचा वाटा आणि नव्या मालिकेतील वाटा शेजारी ठेवून जो 'कंपन्यांचे वाढते वर्चस्व' सिद्ध करू पाहील, त्याने निदान काही अंशी नामांतरालाच स्थित्यंतर मानलेले असेल.

२०११-१२ नंतरच्या उतरणीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. या उतरणीचे खापर सामान्यतः मोठ्या उद्योगांवर फोडले जाते. परंतु एकाच मालिकेतील आकडे पाहिले तर कुटुंबक्षेत्राची भौतिक मालमत्तेतील बचत एकूण उत्पन्नाच्या १६ टक्क्यांच्या आसपास होती ती चार-पाच वर्षांत १० टक्क्यांच्या आसपास आली. घरबांधणीची मंदी हे याचे एक उघड कारण आहे. तरीही घसरणीचा एवढा मोठा भाग जर 'उरलेल्या' क्षेत्रात पडत असेल, तर दोषी कोण हे ठरविण्यापूर्वी मोजणी किती पक्की आहे हे विचारणे प्राप्त आहे.

५

अर्थविस्ताराचा आणखी एक प्रकार उल्लेखनीय आहे. १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबीस होते, तर धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. त्या पिढीच्या लेखी भांडवल म्हणजे प्रामुख्याने इमारती, बांधकामे, यंत्रे आणि मालाचे साठे. २०११-१२ च्या मालिकेत यांच्या पंक्तीला 'बौद्धिक संपदा उत्पादने' हा स्वतंत्र वर्ग बसला असून त्यात संगणकाच्या आज्ञावली आणि संशोधनावरील खर्च यांचा अंतर्भाव होतो. संस्कृतातील 'भांड' म्हणजे पात्र आणि विकाऊ माल. त्या शब्दाशी नाते सांगणाऱ्या 'भांडवला'ने येथवर मजल मारावी यात गैर काही नाही. उत्पादनाचे स्वरूप बदलले की संज्ञेनेही बदलावे, हे उचितच आहे. आक्षेप बदलाला नाही. बदल न सांगता दोन टोके जोडणाऱ्या रेषेला आहे.

यावर असे म्हटले जाईल की, तज्ज्ञांना हे सर्व ठाऊकच असते. ते खरे आहे. मूळ अहवालांत पद्धतीचे विवेचन सविस्तर असते आणि जुन्या मालिका नव्या पायावर जुळवून घेण्याचा प्रयत्नही होतो. परंतु पदव्युत्तर वर्गातील मराठी विद्यार्थ्याच्या हाती बहुधा अहवाल नसतो, अहवालावरून बेतलेले पाठ्यपुस्तक असते. त्यात तक्ता येतो आणि टीप गळते.

तसेच या चिकित्सेतून सर्वच आकडे निरर्थक ठरतात असा निष्कर्ष काढणेही चुकीचे होईल. १९४७ मध्ये देशाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता सुमारे १,३६२ मेगावॅट होती. मार्च २०१२ मध्ये ती २ लाख मेगावॅटच्या आसपास होती. कोणत्याही परिभाषेने हा पालट पुसता येत नाही. त्याचप्रमाणे, सार्वजनिक भांडवलनिर्मिती १९८० च्या दशकाच्या मध्यास ११ टक्क्यांच्या जवळपास जाऊन नव्या शतकाच्या आरंभी ७ टक्क्यांच्या आसपास उतरली, हा निष्कर्षही प्रत्यक्ष हिशेबांवर आधारलेला असल्याने पुष्कळसा भक्कम आहे. दीर्घकालीन चढण खरी आहे, राज्यसंस्थेची माघारही खरी आहे. शंकास्पद आहेत ती सूक्ष्म वळणे आणि विशेषतः कुटुंब व कंपनी यांच्यातील वाटणी. आणि नेमक्या याच दोहोंवर मराठीतील वादविवाद अधिक रंगतात.

अशा स्थितीत निदान तीन पथ्ये पाळली जाणे आवश्यक आहे. 'गुंतवणूक' हा शब्द धन्याच्या आर्थिक व्यवहारासाठी राखून राष्ट्रीय हिशेबाच्या संदर्भात 'भांडवलनिर्मिती' हीच संज्ञा योजावी. प्रत्येक आकड्यासोबत तो स्थूल की निव्वळ, एकूण की केवळ स्थिर भांडवलाचा, चालू किमतींचा की स्थिर किमतींचा, आणि कोणत्या पायावर्षाचा, हे नमूद करावे. 'कुटुंबक्षेत्र' ही संज्ञा रूढ झाल्यामुळे टाकता येत नसेल, तर तिच्यापुढे 'अवशिष्ट' हे विशेषण लावण्यास संकोच करू नये. या विशेषणाने वाक्याची शोभा थोडी कमी होईल, परंतु वाचकाला ज्या ठिकाणी शंका घेण्याचा अधिकार आहे, ते ठिकाण त्याला दिसेल.