मन आपले, अर्थ चारचौघांचा

आपल्या मनात काय चालले आहे हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार, असे आपण सारेच धरून चालतो. टायलर बर्ज या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या १९७९ सालच्या निबंधाने या समजुतीपुढे मोठाच पेच उभा केला.

त्यातला रोगी साधासुधा आहे. त्याला संधिवात आहे. मनगटे व घोटे त्यानेच दुखतात, हे तो बरोबर जाणतो. एके दिवशी तो डॉक्टरांना सांगतो, संधिवात आता मांडीत शिरला. डॉक्टर म्हणतात, हा सांध्यांचा रोग. मांडीत तो व्हायचा नाही. मराठीत तर शब्दातच 'संधि' आहे. पण दुखण्याने बेजार झालेला माणूस शब्दाची फोड करीत बसत नाही! रोगी चकित होतो, पण ऐकतो. आणि मग मांडीला झाले तरी काय, असे विचारतो.

आता अशी कल्पना करा, की माणूस हाच, शरीर हेच. पण भोवतालचा समाज मांडीच्या दुखण्यालाही तोच शब्द लावतो. तेथे त्याचे म्हणणे चूक ठरत नाही आणि त्याच्या मनातला विचारही आपल्या संधिवाताचा राहत नाही. तात्पर्य, विचाराचा आशय एकट्या डोक्यात ठरत नाही.

मग माझ्या मनात काय आहे, हे शेजाऱ्याला विचारायचे की काय? बर्जने १९८८ साली याचे उत्तर दिले. 'मी अमुक विचार करतो आहे' असे मनाशी म्हणताना तो विचार त्या म्हणण्यातच सामावलेला असतो. जे जग एकाचा आशय ठरवते तेच दुसऱ्याचाही ठरवते. चुकायला जागाच उरत नाही.

उत्तर बिनतोड आहे, पण तोकडे आहे. आपण संधिवाताचा विचार करतो, हे त्या रोग्याला ठाऊक होते. संधिवात म्हणजे काय, हे पुरते ठाऊक नव्हते. शिवाय हे उत्तर चालू क्षणीच्या विचारापुरतेच. भावाला मी क्षमा केली, असे मनाशी म्हटल्याने क्षमा घडत नाही. ती घडली की नाही, हे पुष्कळदा घरातल्यांनाच आधी कळते. स्वतःला ओळखणे म्हणतात ते बहुधा हेच. त्या रोग्याप्रमाणे चकित व्हावे, ऐकावे आणि पुढचा प्रश्न विचारावा, एवढे शहाणपण मात्र या निबंधातून खचित घेण्याजोगे आहे.