गाण्याला व्यासपीठ, जातीला मौन

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माध्यमिक शाळांतून ‘विविधतेत एकता’ साजरी होते. स्थलांतरितांची मुले व्यासपीठावर येतात, कोणी गरबा खेळते, कोणी छठचे गीत म्हणते. टाळ्या पडतात. या आंतरसांस्कृतिक शिक्षणाला आपण एकच प्रश्न विचारला पाहिजे: यात जात कोठे आहे?

उत्तर प्रदेशातून आलेल्या दलित कुटुंबातला मुलगा वर्गात ‘भय्या’ ठरतो. वस्तीतले त्याचेच गाववाले त्याला जातीनेच ओळखतात. सवलतीच्या वेळी मात्र ती जात नाहीशी होते. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा नसेल, तर येथील अनुसूचित जातीच्या सवलती त्याला नाहीत. मुंबईच्या वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली हेच तत्त्व मान्य केले. हक्क राज्याच्या सीमेवर अडतो. विटाळ मात्र दाखल्यावाचून रेल्वेने येतो.

बाबासाहेबांचे घराणे कोकणातल्या आंबडव्याचे. ते जन्मले महूला, शिकले साताऱ्यात, मॅट्रिक झाले मुंबईत, 1907 साली. गाव सुटलेला विद्यार्थी आपल्याला परका कसा? तरीही या हिंदी भाषक भावंडांना आपल्या चळवळीने किती जवळ केले? त्यांचा जातीचा अनुभव वर्गात उच्चारला जात नाही, तोवर हे शिक्षण म्हणजे निव्वळ वेशभूषा होय.